वेदनेची वही तपासताना

31 वर्षे सहकारी संस्थांची दप्तरे तपासल्यामुळे मला एक खोड जडली आहे. कोणत्याही कार्यालयात गेलो की समोरच्या माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या टेबलावरच्या नोंदवहीकडे माझे लक्ष आधी जाते. कीर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, रोजच्या रोज लिहिली जाते की महिनाअखेरीस एका बैठकीत उरकली जाते, हे शाईवरून, अक्षरावरून आणि खाडाखोडीवरून कळते. ज्या वहीत एकही खाडाखोड नाही, ती वही मी अधिक काळजीने वाचतो. ही खोड घरच्या कामी एकदाच आली, आणि तीही उशिरा. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अखेरच्या दिवसांसाठी हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णाचा त्रास कमी करणारी जागा, शोधताना मी आधी इमारत पाहिली आणि वही नंतर पाहिली.

अण्णा कळंब तालुक्यातले शेतकरी. साठ वर्षे तंबाखू-चुना गालात धरला, तिथेच कर्करोग झाला. उपचार बार्शीला झाले. आमच्या भागात ‘बार्शीला नेले’ एवढे म्हटले तरी आजार कोणता हे ऐकणाऱ्याला कळते. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली याच बार्शीत सुरू झाली आणि आमच्या धाराशिव जिल्ह्यातील परंडा आणि भूम हे तालुके तिच्या कक्षेत येतात. कोणत्या गावात कोणता कर्करोग किती जणांना झाला, याची शिस्तशीर मोजदाद आमच्या शेजारीच इतकी वर्षे चालू आहे, हे मला नंतर समजले. त्या माणसांना रात्री किती दुखते, याची मोजदाद मात्र कोण ठेवतो, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नव्हता.

शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांनंतर दीड वर्षाने आजार उलटला. आता रोगावर इलाज नाही, त्रासावर आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आणि तसा इलाज करणारी जागा शोधण्याचा सल्ला दिला. मुंबईत वांद्र्याला 1986 साली ‘शांती अवेदना’ हे हॉस्पिस सुरू झाले, पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचे, केंद्र आहे, ही माहिती मिळाली. परंतु बैलांना पाणी पाजल्याचा आवाज सकाळी कानावर पडला नाही तर अस्वस्थ होणाऱ्या माणसाला मुंबई-पुण्यास नेणे थोरल्या दादांना मान्य नव्हते, आणि मलाही नव्हते. म्हणून अण्णांना मी लातूरला माझ्या घरी आणले आणि शोध सुरू केला.

पहिल्या केंद्राचे नाव मी येथे लिहीत नाही. शहराबाहेर मोकळ्या जागेत उभी असलेली ती देखणी वास्तू होती. अंगणात तुळशीवृंदावन, स्वच्छ फरशी, प्रत्येक खोलीला खिडकी, सकाळ-संध्याकाळ ध्वनिक्षेपकावर भजने. व्यवस्थापक अत्यंत नम्रपणे बोलले. मी दर विचारले, डिपॉझिट विचारले, जेवणाच्या वेळा विचारल्या. महाराष्ट्रातील शुश्रूषागृहांच्या 2021 मधील सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. ते दोन्ही फलक तेथे काचेच्या चौकटीत व्यवस्थित लावलेले होते आणि ते पाहून माझ्यातला लेखापरीक्षक समाधान पावला. निघता निघता, बार्शीच्या डॉक्टरांनी बजावले होते म्हणून, मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचे औषध ठेवता का, असे मी विचारले. ‘ते आम्ही शक्यतो वापरत नाही, पेशंटला सवय लागते,’ असे उत्तर मिळाले. तेथूनच मागे फिरायला हवे होते. मला ते उत्तर त्या वेळी सावधपणाचे वाटले.

हे उत्तर चुकीचे का होते, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण केंद्र पारखण्याचा सर्वांत मोठा निकष यातच आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडावाटे मॉर्फिन देणे हा जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली मांडलेल्या वेदनाशमनाच्या तीन पायऱ्यांच्या पद्धतीचा गाभा आहे. दुखेल तेव्हा द्यायचे हे औषध नव्हे. साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ पाहून द्यायची असते, म्हणजे वेदना डोके वर काढण्याआधीच दुसरी मात्रा पोटात जाते. अमुक मात्रेपुढे जायचेच नाही, अशी ठरावीक मर्यादा त्याला नसते. वेदनेच्या मानाने डॉक्टर ती हळूहळू वाढवतात. वेदनेसाठी योग्य रीतीने दिल्यास व्यसनाची भीती फार थोडी. खरा हमखास त्रास बद्धकोष्ठाचा, म्हणून पहिल्याच दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचे औषध लिहिलेले असलेच पाहिजे. ते लिहिलेले नसेल तर मॉर्फिन लिहिणाऱ्याला मॉर्फिनचा सराव नाही, असे खुशाल समजावे. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे हे औषध ठेवण्यासाठी पूर्वी अनेक खात्यांचे परवाने लागत आणि म्हणून पुष्कळ रुग्णालये त्या वाटेला जात नसत. परंतु 2014 च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घेतलेल्या आणि प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या संस्थेला ते ठेवता येते. त्यामुळे ‘कायद्याने मिळत नाही’ हे कारण आज कोणी सांगत असेल, तर ती मान्यता मागितली होती का, असे उलट विचारावे.

त्या केंद्रात अण्णा नऊ दिवस होते. अठरा खाटांमागे रात्री एक मदतनीस. सिस्टर वरच्या मजल्यावर झोपत आणि डॉक्टर फोनवर. सहाव्या रात्री मी अण्णांजवळ थांबलो. दोनच्या सुमारास त्यांनी उशीचे टोक दातांत धरले. गालातील जखमेमुळे त्यांना नीट बोलता येत नसे, तरी ‘लई दुखायलंय रे’ एवढे मला स्पष्ट ऐकू आले. मदतनिसाने सिस्टरांना उठवले, त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, तो उचलला गेला नाही, आणि पहाटे साडेचारला नेहमीचे वेदनाशामक इंजेक्शन मिळाले. सकाळी खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला तक्ता मी काढून पाहिला. शून्य ते दहा या मापात वेदना किती, हे दर चार तासांनी त्यात लिहायचे असते. रात्री दहा वाजता 2, दोन वाजता 2, सहा वाजता 2. आदल्या दिवशीही 2, त्याच्या आदल्या दिवशीही 2. सहा दिवसांच्या नोंदी एकाच निळ्या शाईत, एकाच हाताने, एकाच ओघात. एकही खाडाखोड नव्हती. अशी कीर्द एखाद्या पतसंस्थेत सापडली असती, तर मी त्या दिवशी तिथून उठलो नसतो. इथे मात्र दुसरी सोय होईपर्यंत आणखी तीन दिवस अण्णांना तिथेच ठेवावे लागले, आणि डिपॉझिटमधील निम्मी रक्कम ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून कापली गेली. रकमेचे दुःख नाही. पावतीवर तो शब्द नव्हता, याचे आहे.

दुसऱ्या संस्थेला इमारतच नव्हती. एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक समाजसेविका आणि एक जुनी जीप एवढाच त्यांचा पसारा. ते घरी येऊन सेवा देत. या वेळी मी आधी परीक्षा घ्यायचे ठरवले आणि, सांगायला संकोच वाटतो, पण नाव नोंदवण्यापूर्वी एका रात्री अडीच वाजता त्यांच्या क्रमांकावर फोन लावला. चौथ्या घंटीला सिस्टरांनी उचलला. आपण कोण, नोंदणी केली आहे का, असे काहीही न विचारता त्यांनी विचारले, ‘कोणाला त्रास होतोय?’ मी ओशाळून खरे सांगून टाकले. त्यांनी मला रागावण्याऐवजी अण्णा त्या क्षणी झोपले आहेत का, याची चौकशी केली. ज्यांना ही युक्ती योग्य वाटत नसेल, त्यांनी निदान एवढे विचारावे की रात्रीचा फोन कोणाच्या हातात असतो आणि फोनवर बोलणाऱ्याला औषधाची मात्रा बदलण्याचा अधिकार आहे का.

पहिल्या भेटीत ते सव्वादोन तास थांबले. डॉक्टर खुर्चीवर न बसता खाटेच्या कडेला बसले आणि आम्हा कोणाशी बोलण्याआधी त्यांनी अण्णांनाच विचारले, ‘अण्णा, तुम्हाला आजाराबद्दल काय काय ठाऊक आहे?’ अण्णा म्हणाले, ‘बरं व्हायचं न्हाई, एवढं ठाऊक हाय. दुखणं तेवढं थांबवा.’ दोन महिने आम्ही सारे ही गोष्ट त्यांच्यापासून लपवत होतो. शून्य ते दहा हे माप काही त्यांच्या ध्यानात येईना, तेव्हा सिस्टरांनी विचारले, ‘रुपयातलं किती आणे दुखतंय?’ अण्णांनी क्षणभर विचार केला आणि सोळापैकी चौदा आणे म्हणून सांगितले. त्या दिवसापासून आमच्या घरातील वेदनेची वही आण्यांत लिहिली जाऊ लागली.

नाकातील नळीतून बारीक करून द्यायच्या मॉर्फिनच्या दहा मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या, प्रारंभी अर्धी. रात्री दहाला दुप्पट मात्रा, म्हणजे दोनच्या मात्रेसाठी कोणी उठायला नको. मध्येच दुखले तर जादा मात्रा किती, हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत. ज्या गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात त्या कधीही कुटू नयेत, हेही त्यांनी सांगितले. चौथ्या दिवशी वहीत ‘5 आणे’ अशी नोंद झाली.

वेदनेखेरीज आणखी एका गोष्टीवर मी अशा संस्थेची पारख करीन, आणि ती म्हणजे दुर्गंधी. गालाची जखम उघडी पडली होती. नातवंडे दारातूनच परत फिरत आणि अण्णांना ते कळत असे. पहिल्या केंद्राने त्यावर उदबत्ती सुचवली होती. या सिस्टरांनी मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाची गोळी कुटून तिची भुकटी जखमेवर पसरायला माझ्या पत्नीला शिकवले. गोळी अगदी स्वस्त असते. आठवड्याच्या आत धाकटी नात खाटेवर चढून बसू लागली. दर दोन तासांनी कूस बदलणे, ओल्या कापसाने तोंड पुसणे, हे सारे त्यांनी स्वतः करून दाखवले आणि मग आमच्याकडून करून घेतले. चुकले तर पुन्हा करायला लावले.

सलाईनवरून मात्र घरात वाद झाला. शेवटच्या आठवड्यात नळीतून दिलेलेही पचेना, तेव्हा गावाकडून आलेल्या आत्या संतापल्या. ‘उपाशी कसं ठेवायलात रे माझ्या भावाला? सलाईन तरी लावा.’ आत्यांची समजूत घालण्यासाठी एक बाटली लावणे कोणालाही सोपे गेले असते, आणि बिलातही ती शोभली असती. सिस्टर आत्यांजवळ जमिनीवर बसल्या आणि शरीर विझत असताना बाहेरून घातलेले पाणी अंगावर सूज आणते, छातीत साचून घरघर वाढवते, हे त्यांनी पाऊण तास समजावले. आत्यांना ते पूर्णपणे पटले असे मला वाटत नाही. पण ओला कापूस त्यांनी स्वतःच्या हाती घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे अखेरच्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे आहे. मला यंत्रावर ठेवू नका, असे अण्णांनी सांगितल्यावर आम्ही ते लिहून घेतले. डॉक्टरांनी त्याची प्रत त्यांच्या फाइलमध्ये लावली आणि मध्यरात्री घाबरून रुग्णवाहिका बोलावण्याआधी आम्हाला फोन करा, असे दादांना दोनदा बजावले. पैशांबाबत त्यांचा व्यवहार साधा होता: दर भेटीची पावती, औषधांचा हिशेब वेगळा, आगाऊ काही नाही.

अण्णा पस्तिसाव्या दिवशी पहाटे गेले. त्या रात्री सिस्टर तीन वाजल्यापासून आमच्याकडेच होत्या.

तेरावा झाल्यानंतर चार दिवसांनी त्या पुन्हा आल्या. पत्नीला झोप लागते का, आत्या गावी कशा आहेत, हे त्यांनी विचारले, चहा घेतला आणि मग उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मागितल्या, कारण त्या संस्थेत परत जमा कराव्या लागतात. मी वही काढली. तिच्यात पत्नीचे ठसठशीत अक्षर होते, दादांचे मोडीच्या वळणाचे होते, पुतण्याने रात्री पेन्सिलीने लिहिलेले होते. हळदीचे डाग होते आणि एके ठिकाणी ‘9 आणे’ खोडून ‘11 आणे’ केलेले होते. नोंदींची बेरीज केली तर 23 गोळ्या उरायला हव्या होत्या. सिस्टरांनी डबी ताटात उपडी केली आणि आम्ही दोघांनी मोजल्या. 23 निघाल्या. त्यांनी आकडा लिहिला आणि मी त्याखाली सही केली.