एक अर्ज, दोन खोल्या

पीएचडीच्या संशोधकांसाठी तीन संस्था मिळून पाच दिवसांची नीतिशास्त्राची निवासी शाळा घेतात. यंदा ती नंदुरबारला होती. तिसऱ्या दिवशी जे झालं ते इथे लिहून ठेवतो. ज्याच्या अर्जावर सगळं घडलं त्या संशोधकाची परवानगी घेतली आहे, आणि तो ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत.

आधी शाळेची गरज काय ते सांगायला हवं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९च्या डिसेंबरात 'संशोधन व प्रकाशन नीतिशास्त्र' हा २ श्रेयांकांचा, ३० तासांचा कोर्स पीएचडीला सक्तीचा केला. त्यातले तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्राचे तास फक्त ३. डेटाबेस आणि मेट्रिक्सला (संशोधनाच्या मोजमापाच्या आकड्यांना) मात्र ७. एकेका कॉलेजात हा कोर्स बहुधा ग्रंथालयातच उरकतो, कारण तत्त्वज्ञानाचा माणूस एकीकडे, मेडिकलचा दुसरीकडे, आणि समाजकार्य व भाषाशास्त्राचे आणखी तिसरीकडे. म्हणून संयुक्त शाळा. जळगाव, अमळनेरची मंडळी सुरतेच्या गाडीने येतात, धुळ्याची एसटीने.

तिसरा दिवस लुटुपुटीच्या नैतिकता समितीचा, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाचे अर्ज तपासून मंजुरी देणाऱ्या समितीचा. १४ संशोधक, ७-७ च्या दोन समित्या, दोन खोल्या, अर्ज मात्र एकच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत समिती ७ ते १५ जणांची असते आणि गणपूर्तीला किमान ५ लागतात, म्हणून ७ हा आकडा. अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा, सदस्य-सचिव संस्थेतला. आदल्या संध्याकाळी अर्ज वाटायचा, रात्री आपापसांत बोलायचं नाही, आणि सकाळी प्रत्येकाने आपले आक्षेप लिहून मगच खोलीत यायचं. हे लिखाण आधी घेतलं नाही तर पहिला बोलणारा सगळ्यांना आपल्या वाटेने नेतो. दोन वर्षांच्या अनुभवाने हे कळलं.

अर्ज खराच होता: धडगाव तालुक्यातल्या आश्रमशाळांतल्या १० ते १५ वयाच्या मुलींमधलं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण. प्रत्येकीचं २ मिली रक्त, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत (हिच्यात रक्त साकळत नाही). आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी, पॉझिटिव्ह निघाल्यास एचपीएलसी ही पक्कं निदान करणारी. उरलेलं रक्त 'भविष्यातील संशोधनासाठी' गोठवून ठेवायचं. संमती मुख्याध्यापकांची. साम्य तपासणीत, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचलला का याच्या तपासणीत, ७ टक्के, म्हणजे यूजीसीच्या २०१८च्या नियमांत शून्य पातळी, एकदम स्वच्छ.

पहिल्या खोलीत ४० मिनिटांत निकाल लागला: किरकोळ दुरुस्त्यांसह मंजूर. खोलीत बुद्धिमत्तेची कमी नव्हती. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलीने सोल्युबिलिटी चाचणीचा मुद्दा अचूक काढला. ही चाचणी वाहक (दोष अंगात असलेला, पण आजारी नसलेला) आणि रुग्ण यांत फरक करत नाही, त्यामुळे एचपीएलसी येईपर्यंत कुणालाही 'पॉझिटिव्ह' सांगू नये. नमुन्याची संख्या, गोठवण्याचं तापमान, सगळं पाहिलं गेलं. 'रक्त २ मिलीच आहे, त्वरित पुनरावलोकनातच बसेल', म्हणजे पूर्ण समिती न बसता मोजक्या सदस्यांनी पाहिलं तरी चालेल, असंही एकाने म्हटलं आणि ते खपलं. खपायला नको होतं. अठराच्या आतली मुलं असुरक्षित गटात येतात. तिथे पूर्ण समितीच बसायला हवी.

दुसऱ्या खोलीत दोन माणसं वेगळी होती. एक भाषाशास्त्राचा संशोधक, घरची बोली पावरी, म्हणजे धडगावकडच्या पावरा आदिवासींची. दुसऱ्या, सामान्य नागरिक सदस्य म्हणून मुद्दाम बोलावलेल्या, आश्रमशाळेतून निवृत्त झालेल्या अधीक्षिका. ही जागा विद्यार्थ्यालाच 'तू आज सामान्य माणूस हो' म्हणून देण्याची पद्धत आहे. ते नाटक कधी जमत नाही. पीएचडीचा विद्यार्थी तासाभरात 'सॅम्पल साइज' म्हणायला लागतो.

अधीक्षिकांचा पहिला प्रश्न: संमती कोणत्या महिन्यात घेणार? अर्जात जानेवारी होता. त्या म्हणाल्या, जानेवारीत आईबाप गुजरातेत ऊसतोडीला असतात. होळीला येतात.

तिथून अर्ज उसवत गेला. मुख्याध्यापक हे फक्त दारावरचे राखणदार. त्यांची आणि आदिवासी प्रकल्प कार्यालयाची परवानगी लागते, पण ती पालकांच्या संमतीच्या जागी चालत नाही. पालकांची लेखी संमती, शिवाय मुलीचा स्वतःचा होकार: ७ ते १२ वयाला तोंडी, १२ ते १८ ला लेखी. पालकाला वाचता येत नसेल तर अंगठा, आणि संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार. शाळेचा शिपाई साक्षीदार म्हणून चालेल का यावर वीस मिनिटं गेली. चालणार नाही असं ठरलं, कारण त्याची नोकरी मुख्याध्यापकांच्या हाताखाली.

मग संमतीपत्र. पान ३ वर 'अभ्यास औषधाचे दुष्परिणाम आढळल्यास कळवावे' असं वाक्य होतं. या अभ्यासात औषध नाहीच! कुठल्याशा औषधचाचणीचं इंग्रजी पत्र मराठीत उतरवलं होतं, तेवढं वाक्य तसंच राहिलं. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर ते सहसा पकडत नाही, कारण भाषांतर केलं की शब्दांचं साम्य उरत नाही.

भाषाशास्त्राच्या संशोधकाने सुचवलं की पत्र पावरीत सांगून पाहू. मेसमध्ये भाकरी करणाऱ्या मावशी धडगावकडच्याच. त्यांना आधी विचारलं, कशासाठी ते सांगितलं, त्या तयार झाल्या. त्याने पाच मिनिटं पावरीत पत्र सांगितलं. मग मावशींनी आपल्याला काय कळलं ते मराठीत सांगायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही.

मावशी म्हणाल्या, "पोरींचं रक्त काढतील. आजार निघाला तर औषध देतील."

पत्रात चार गोष्टी होत्या: हे उपचार नाहीत तर संशोधन आहे, नाही म्हणता येतं, केव्हाही माघार घेता येते, उरलेलं रक्त साठवणार. चारींपैकी एकही पोचली नाही, आणि औषधाची जी गोष्ट पत्रात असायलाच नको होती ती मात्र पोचली. 'माघार घेता येते' याचं काय कळलं असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, रक्त काढून झालं की पोरगी घरी जाऊ शकते.

चूक मावशींची नाही आणि सांगणाऱ्याचीही नाही. 'संशोधन' या शब्दाला रोजच्या बोलण्यातला जवळचा शब्द 'तपासणी', आणि तपासणी म्हटलं की मागून गोळ्या येणारच. त्या खोलीने निकाल दिला: मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा सादर करा.

दुपारी शेवभाजी, कळण्याची भाकरी झाल्यावर दोन्ही समित्या एकत्र बसवल्या. पहिल्या खोलीतले थोडे चिडले होते. त्यांचं म्हणणं, आम्हाला पावरी येत नाही हा आमचा दोष कसा? दोष नाहीच. पण 'हे पत्र कुणाला समजेल' असा प्रश्न त्यांच्या सातही कागदांवर नव्हता, आणि तो विचारायला पावरी यावी लागत नाही. इथे तत्त्वज्ञानाच्या सरांनी हवासुपाईंचं प्रकरण काढलं. ॲरिझोनातल्या या आदिवासींनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं, ते पुढे स्किझोफ्रेनिया आणि स्थलांतराच्या संशोधनातही वापरलं गेलं. २०१०मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. एरवी हे प्रकरण पहिल्या दिवशी स्लाइडवर येतं आणि सगळे माना डोलावतात. त्या दुपारी मान कुणी डोलावली नाही. अर्जातली 'भविष्यातील संशोधनासाठी' ही ओळ चौदाही जणांनी पुन्हा उघडून पाहिली.

रात्री ज्याचा अर्ज होता त्या संशोधकाने पत्र नव्याने लिहिलं, चार पानांचं दीड पान केलं. संमतीचे दिवस होळीच्या आठवड्यात नेले. निकाल वर्गात वाचायचा नाही, यादी फलकावर लावायची नाही, वाहक मुलीच्या पालकांशी समुपदेशकाने स्वतंत्र बोलायचं. लग्न जमवताना हीच यादी पुढे येते, असं अधीक्षिकांनी बजावलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी पत्र पुन्हा पावरीत सांगितलं, या वेळी मावशींच्या बहिणीला, कारण मावशींना आता सगळं पाठ झालं होतं. तीन गोष्टी नीट परत आल्या. साठवणीची आली नाही. आणखी दोनदा शब्द बदलून पाहिले, तरी 'रक्त जपून ठेवतील, पोरीला लागलं तर देतील' असंच परत येत राहिलं. शेवटी त्याने ते कलमच अर्जातून काढलं. चाचण्या झाल्या की उरलेलं रक्त नष्ट करणार.