कुंदाचे कागद

आमची मांजर कुंद्याच्या, म्हणजे आमच्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईच्या रंगाची, म्हणून लेकीने तिचं नाव कुंदा ठेवलं. शेजारच्या कुंदाकाकू वर्षभर आमच्याशी बोलत नव्हत्या, ते असो. लेक नोकरीला जर्मनीत गेली आणि सहा महिन्यांत फोन आला, "आई, कुंदाला न्यायचं."

मला वाटलं, पिंजऱ्यात घातली की झालं. कोगनोळीच्या नाक्यावरून आपण कोल्हापूरला जातो तसं.

पहिली चूक तिथेच झाली. नोव्हेंबरात इथल्या एका डॉक्टरांकडे रेबीजची लस टोचून घेतली, डिसेंबरात मायक्रोचिप, म्हणजे मानेच्या कातडीखाली नंबराचा बारीक दाणा, बसवली. लेकीने तारखा बघून कपाळावर हात मारला. चिप आधी, लस नंतर, फार तर एकाच दिवशी. चिपच्या आधी टोचलेली लस युरोपवाले धरतच नाहीत. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "तुम्ही बाहेरदेशी नेणार हे कुठं सांगितलासा?" खरंच सांगितलं नव्हतं. पण चिप बसवताना त्यांनी तरी विचारायचं की! बेळगावात मांजर हरवू नये म्हणून कोण चिप बसवतं?

मग ४ जानेवारीला पुन्हा लस. त्यानंतर निदान ३० दिवस थांबून रक्त द्यायचं. भारत युरोपच्या सवलतीच्या यादीत नाही, त्यामुळे अंगात रेबीजविरुद्ध ताकद आली का, हे त्यांनी मान्य केलेल्या प्रयोगशाळेतूनच तपासून घ्यावं लागतं. आकडा ०.५ किंवा त्याहून वर हवा. ५ फेब्रुवारीला रक्त काढलं. कंपौंडर कानडीतून "बा, बा" करत तिला चुचकारत होता आणि ती माझ्या स्वेटरात नखं रुतवून बसलेली. आकडा चांगला आला, तरी रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचंच. म्हणजे ५ मे. त्याआधी विमान नाही.

हे तीन महिने मी पिशवीवर घालवले. विमान कंपनीची अट पिशवीसकट ८ किलोची. गल्लीतल्या किराणा दुकानातल्या काट्यावर कुंदाला पिशवीसकट ठेवली, ६ किलो ३०० भरली. दुकानदार म्हणाला, "साखरेपेक्षा वळवळते हो." पिशवी घरात उघडीच ठेवायची, हे लेकीने बजावलेलं. पहिले आठ दिवस कुंदा तिच्याकडे बघेना. मग मी माझ्या जुन्या इरकली लुगड्याचा तुकडा आत अंथरला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर शेपूट तेवढी बाहेर. पुढे जेवण आतच, मग चेन लावून पाच मिनिटं, दहा मिनिटं, मग रिक्षातून गोवावेसपर्यंत चक्कर. झोपेची गोळी द्या, असं चारजणींनी सुचवलं. डॉक्टरांनी साफ नको म्हटलं, विमानात श्वासाला त्रास होतो.

मालकाने मांजराच्या मागे-पुढे पाच दिवसांतच प्रवास करायचा असतो, म्हणून लेक स्वतः रजा काढून आली. शेवटचा कागद, सरकारी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला, युरोपात पाऊल टाकण्याआधीच्या दहा दिवसांतलाच चालतो. त्यासाठी बेंगळुरूच्या ॲनिमल क्वारंटाईनच्या ऑफिसात गेलो. दाखला जर्मन आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत. मी तो हातात घेऊन बघतच राहिले. मराठीत परिपत्रकं द्या म्हणून आम्ही इथे उभा जन्म अर्ज करतोय, आणि आमच्या मांजराला मागितल्याशिवाय दोन भाषांत कागद!

बेंगळुरूला जाताना हिरेबागेवाडीचा टोलनाका येईपर्यंत कुंदा ओरडली, धारवाडनंतर गप्प. ९ मेला दोघी गेल्या. फ्रँकफर्टला एका बाईंनी मानेपाशी यंत्र फिरवलं, पंधरा आकडे कागदाशी जुळवले आणि जा म्हणाल्या. दोन मिनिटं लागली असतील, असं लेक सांगते.

तो लुगड्याचा तुकडा मात्र कुंदा अजून धुवू देत नाही म्हणे.