आधी भाड्याचं स्टेटमेंट दाखवा

पुनर्विकासात बिल्डरचा जीव सगळ्यात जास्त टांगणीला लागतो तो एकही वीट चढण्याआधी. परवानगीपोटी महापालिकेला भरायचे प्रीमियम, जादा बांधकामासाठी विकत घ्यायचे हक्क म्हणजे टीडीआर, सभासदांचं भाडं, शिफ्टिंगचा खर्च, सगळं खिशातून जात असतं आणि विक्रीचा एक रुपया आलेला नसतो. या टप्प्यावर बँका सहसा हात लावत नाहीत. २०१८ साली आयएल अँड एफएस ही बडी वित्तसंस्था कोसळल्यावर एनबीएफसींनीही, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज कंपन्यांनीही, छोट्या बिल्डरांसाठी हात आखडता घेतला. मग उरतात ओळखीपाळखीतले पैसे. आमच्या कंपनीत ते उभे करायचं काम माझ्याकडे आहे.

पार्ले पूर्वेच्या एका जुन्या सोसायटीसाठी आम्ही डिबेंचर, म्हणजे व्याज देणारे कंपनीचे कर्जरोखे, काढायचं ठरवलं. कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे एका आर्थिक वर्षात २०० जणांपर्यंतच विचारता येतं. ज्याच्या नावाने गुंतवणुकीचं पत्र त्यानेच पैसे भरायचे, तेही बँकेतून, आणि जाहिरात अजिबात नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तरी अंगाशी येतं. म्हणून एका शनिवारी दादरच्या ऑफिसात मोजकीच मंडळी बोलावली. चहा, बटाटेवडे आणि पडद्यावर मी रात्री जागून केलेला परताव्याचा तक्ता.

एका गृहस्थांनी हळूच विचारलं, "थोडं रोखीत चालेल?" साहेब नाही म्हणाले. गृहस्थ वडा संपवून निघून गेले.

मागच्या खुर्चीत एक काकू होत्या. सरकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेल्या. माझ्या तक्त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"जमीन सोसायटीची," त्या म्हणाल्या. "मग तारण कशाचं देताय?"

"आमच्या वाट्याला येणाऱ्या विक्रीच्या फ्लॅटचं आणि ते विकून येणाऱ्या पैशांचं," साहेब म्हणाले. "पहिला बोजा तुमचा, म्हणजे तारणावर पहिला हक्क तुमचा. तुमच्या वतीने ते सांभाळायला डिबेंचर ट्रस्टी असेल."

"पण गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशातले ७० टक्के रेराच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या, वेगळ्या खात्यात जाणार. तिथून काढायला इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, तिघांचे दाखले लागणार, आणि ते पैसे त्याच प्रकल्पावर खर्च होणार. मग माझं व्याज येणार कुठून?"

खोलीत कुजबुज थांबली. खरं सांगायचं तर बहुतेक गुंतवणूकदार हा प्रश्न विचारतच नाहीत. 'अमुक टक्के पक्के' ऐकलं की चेकबुक निघतं. साहेबांनी सरळ सांगितलं, "उरलेल्या ३० टक्क्यांतून. विक्री मंदावली तर व्याज साचत राहील आणि तुम्हाला थांबावं लागेल. तारीख पक्की सांगणार नाही." मी मनात म्हटलं, संपलं. दोघांनी खरोखरच घड्याळ बघायला सुरुवात केली.

काकूंनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "मुलुंडच्या तुमच्या आधीच्या कामाचं बँक स्टेटमेंट आहे? सभासदांना भाडं दिलंत त्या खात्याचं."

साहेबांना कळेना. मलाही नाही.

"अहो, पैसे आटले की बिल्डर आधी कुणाचे थांबवतो? सिमेंटवाल्याचे थांबवले तर ट्रक येत नाही. बँकेचे थांबवले तर नोटीस येते. सभासद मात्र स्वतःचं घर पाडून भाड्याच्या खोलीत बसलाय, तो जाणार कुठे? त्याचं भाडं वेळेवर गेलं असेल तर माझं व्याजही जाईल. नसेल तर ट्रस्टी ठेवा नाहीतर आणखी कोणी, उपयोग नाही."

साहेबांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. महिन्यामागून महिना त्या बोट फिरवत गेल्या. २०२० च्या उन्हाळ्यात थांबल्या. लॉकडाऊनमध्ये एक हप्ता अर्धाच गेला होता, बाकीचा पुढच्या महिन्यात. साहेबांनी सबब सांगितली नाही. "मी तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावून देतो," एवढंच म्हणाले.

"फोन नको. मीच जाऊन भेटते. तुमचं माणूसही नको बरोबर."

त्या मुलुंडला काय बोलल्या, कुणाला भेटल्या, ते आम्हाला कधी कळलं नाही. त्यांचा निरोप आला तो एका अटीसह: पार्ल्याच्या सभासदांच्या भाड्याचं स्टेटमेंट दर तिमाहीला ट्रस्टीकडे जायचं, आणि भाडं महिनाभर थकलं तर तो डिबेंचरच्या करारातही कसूर धरायचा. म्हणजे तशी वेळ आली तर ट्रस्टी थेट तारणावर येणार. आमचे वकील वैतागले. तिसऱ्याच्या देण्यावरून आपण का अडकायचं, हा त्यांचा मुद्दा कायद्याच्या अंगाने बरोबर होता. साहेबांनी तरीही कलम घातलं. बदललेला मसुदा सगळ्यांना पाठवला तेव्हा घड्याळ बघणाऱ्यांपैकी एकाने फोन करून तेच पान पुन्हा मागवलं आणि पैसे भरले. दुसऱ्याने कळवलं की त्याला पक्क्या तारखेचं व्याज देणारे मिळालेत. मिळोत बापडे.

काकूंचे पैसे आरटीजीएसने आले, आम्ही धरले होते त्याच्या निम्मे. मी विचारलं तर म्हणाल्या, "बांधकामाची परवानगी, सीसी, सध्या प्लिंथपर्यंतचीच, म्हणजे जोत्यापर्यंतचीच आहे ना तुमची? प्लिंथ तपासून पुढची सीसी मिळाली की उरलेल्याचं बोलू."