पुनर्विकासाच्या फायलीतले एक वाक्य

मुलुंड पूर्वेतील आमची इमारत १९८३ सालची. तळमजला अधिक तीन मजले, चोवीस घरे, लिफ्ट नाही. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार बंधनकारक आहे; आमच्या ऑडिटच्या अहवालात तळमजल्याच्या खांबांमधील गंजून फुगलेल्या सळयांची छायाचित्रे पाहिल्यावर पुनर्विकासाला पर्याय नाही, हे सर्वांनी मान्य केले. मी २०१७ मध्ये बँकेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी संस्थेचे सचिवपद माझ्याकडे आले.

पहिली दोन वर्षे आम्ही ज्या पद्धतीने वाया घालवली, ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. तीन विकासकांचे प्रस्ताव आले. एकाने चटई क्षेत्र, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापराची जागा, जास्त देऊ केले, दुसऱ्याने कॉर्पसची, म्हणजे विकासकाने एकरकमी द्यायच्या निधीची, रक्कम मोठी सांगितली, तिसऱ्याने बांधकाम चालू असताना बाहेर राहण्याचे भाडे सढळ हाताने कबूल केले. मी हौसेने त्यांचा तुलनात्मक तक्ता केला, त्यात बावीस रकाने होते, आणि दर रविवारी सभासद त्या तक्त्याभोवती बसून वाद घालत. वाद प्रस्तावांवर चालला आहे असे वरवर दिसे. प्रत्यक्षात प्रत्येक जण मनातल्या वेगळ्याच इमारतीविषयी बोलत होता. शेवटी जास्त क्षेत्र देणाऱ्याची निवड झाली. त्यानंतर कोणाला दोन गाड्यांचे पार्किंग हवे झाले, कोणाला रस्त्याकडे दुकान, कोणाला बाल्कनी खोलीत घेतलेल्या जागेचाही मोबदला. नकाशे पाच वेळा बदलले. सहाव्या वेळी विकासकाने फोन उचलणे बंद केले, आणि खरे सांगायचे तर त्यात त्याचा फार दोष होता असे मला आज वाटत नाही.

बँकेत कर्जाचा अर्ज हाती आला की माझा पहिला प्रश्न ‘कशासाठी?’ हा असे. तीस वर्षे तो प्रश्न परक्यांना विचारला आणि स्वतःच्या इमारतीत विचारायला विसरले, याची खंत अजून जात नाही.

२०२१ मध्ये आम्ही नव्याने सुरुवात केली आणि या वेळी विकासकाच्या आधी प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची, म्हणजे सगळे ज्याला पीएमसी म्हणतात त्याची, नेमणूक केली. सल्लागार वास्तुविशारद बाई होत्या. मी अभिमानाने पुढे केलेला बावीस रकान्यांचा तक्ता त्यांनी पाहिला, घडी घालून परत दिला आणि विचारले, “हे समोरचा काय देतो ते झाले. तुम्हाला काय हवे आहे?” कार्यकारिणीचे सातही सदस्य एकमेकांकडे पाहू लागले.

त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता. प्रत्येक घराने एका कागदावर तीन गोष्टी अशा लिहायच्या की ज्या मिळाल्या नाहीत तर पुनर्विकासच नको, आणि तीन अशा की ज्या मिळाल्या तर बरे. सभेत हात वर करायचा नाही. कागद घरी बसून लिहायचा. मी घरोघरी जाऊन ते गोळा केले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कागद देताना मला दारातच थांबवले. “ताई, पोहण्याचा तलाव नि जिम वगैरे छापलेले ते पत्रक पाहिले मी. त्याचे महिन्याचे बिल किती येईल, ते आधी सांगा. माझी पेन्शन तुम्हाला माहीत आहे.”

कागद टेबलावर पसरले तेव्हा मला धक्काच बसला. ज्या जादा क्षेत्रासाठी आम्ही दोन वर्षे भांडलो, ते ‘नाही तर नको’ या यादीत फक्त पाच घरांनी लिहिले होते. सतरा घरांनी कोणत्या ना कोणत्या शब्दांत एकच भीती मांडली होती: नव्या इमारतीचा मासिक खर्च झेपेल का? त्याखालोखाल होते भाडे मध्येच थांबण्याचे भय, आणि लिफ्ट. त्या संध्याकाळी कार्यकारिणीने एक वाक्य लिहिले, ते चार वेळा खोडून दुरुस्त केले आणि सर्वसाधारण सभेत मंजूर करून घेतले: ‘चोवीसही कुटुंबांनी याच जागी, आज परवडेल अशा मासिक खर्चात, भाडे एकदाही न चुकता, शक्य तितक्या लवकर परत राहायला यावे.’

पुढचे निर्णय या वाक्याने किती सोपे केले, हे निविदेचा मसुदा पाहिला की कळते. तरणतलाव, जिम आणि क्लबहाऊस आम्ही स्वतःहून वगळले. लिफ्ट मात्र दोन मागितल्या, कारण एक बंद पडली तर वृद्धांनी काय करायचे? कॉर्पसचा मोठा भाग सभासदांना वाटून न देता संस्थेच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा आणि व्याजातून देखभालीचा भार हलका करावा, असे ठरले. गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाविषयीच्या शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांत विकासकाकडून बँक हमी घेण्याची तरतूद आहेच; आम्ही त्यावर आगाऊ भाड्याच्या धनादेशांची अट जोडली. क्षेत्राच्या बाबतीत मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावली २०३४ मधील ३५ टक्के फंजिबल क्षेत्र, म्हणजे मूळ क्षेत्रावर नियमाने मिळणारे जादा क्षेत्र, हा पाया धरला, म्हणजे ४२० चौरस फुटांच्या घराला ढोबळमानाने १४७ चौरस फुटांची वाढ, आणि त्यापलीकडे ताणायचे नाही असे ठरवले. ज्याने सर्वांत जास्त क्षेत्र देऊ केले होते, तो या चाळणीत पहिल्याच फेरीत मागे पडला.

मानीव अभिहस्तांतरणाला, म्हणजे जमिनीची मालकी शासनाच्या आदेशाने संस्थेच्या नावे करून घेण्याला, अकरा महिने लागले. ती कथा सर्वत्र सारखीच असते. विकासक निवडीची विशेष सर्वसाधारण सभा मात्र लक्षात राहिली. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालील, २०१९ च्या त्याच निर्देशांनुसार दोन तृतीयांश गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. आमच्या संस्थेत हे आकडे सोळा आणि तेरा. निबंधक कार्यालयाचे प्रतिनिधी हजर, चित्रीकरण सुरू, आणि सभागृहात बावीस जण. २०१९ ची सभा साडेचार तास चालली होती, ही सव्वा तासात आटोपली, कारण कोणी नवी मागणी मांडली की अध्यक्ष फक्त इतकेच विचारत, “ही या वाक्यात कुठे बसते?”

अर्थात, त्या वाक्याने सगळे प्रश्न सुटले नाहीत. दोन सभासदांनी शेवटपर्यंत संमती दिली नाही. त्यांची घरे भाड्याने दिलेली होती. त्यांना जास्त क्षेत्र हवे होते आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच हवे असते. कोणाला कोणता मजला, याचा निकालही वाक्यात नव्हता, त्यासाठी चिठ्ठ्या काढाव्या लागल्या. आणि कपडे वाळत घालण्याची जागा आम्ही सगळेच विसरलो, ती आता खिडकीबाहेरच्या दोऱ्यांच्या रूपाने दर पावसाळ्यात आठवण करून देते.

डिसेंबर २०२२ मध्ये घरे रिकामी केली. भाडे एकदाही थकले नाही. नव्या इमारतीत राहायला परवानगी देणारे भोगवटा प्रमाणपत्र २०२५ मध्ये मिळाले, ठरल्यापेक्षा पाच महिने उशिरा. पहिले मासिक बिल आले तेव्हा काकूंनी ते चष्मा लावून दोनदा वाचले आणि काही न बोलता कपाटात ठेवले. व्याजाची वजावट धरून जुन्या चोवीस घरांना ते दोन हजार आठशे रुपये येते; पूर्वी अठराशे येत असे.

आता इमारतीत सेहेचाळीस घरे आहेत. विक्रीच्या बावीस घरांत तरुण कुटुंबे आली आहेत आणि त्यांच्यापैकी नऊ जणांनी गच्चीवर जिम करण्याचा विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेत घेण्याविषयी लेखी अर्ज दिला आहे. तो मी नियमाप्रमाणे घेतला आहे. फायलीतील त्या वाक्याची एक छायाप्रत काढून ठेवली आहे, पण ती सभेत दाखवावी की नाही, हे अजून ठरवलेले नाही. ते वाक्य लिहिताना ही बावीस कुटुंबे खोलीत नव्हती.