सीताबर्डीतल्या हॉटेलात आईसोबत: माझा अनुभव

आईच्या फॅमिली पेन्शनची फाइल अडकली होती आणि मराठवाड्याच्या पेन्शनचं काम नागपूरच्या एजी ऑफिसातनं, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातनं चालतं, त्यामुळे नांदेडहून रात्रीची बस धरून आम्ही दोघी गेलो. ऑफिस सिव्हिल लाइन्सला, तिथून जवळ म्हणून सीताबर्डीत हॉटेल घेतलं, भाडं 2800 रुपये, म्हणजे ना स्वस्त ना महाग.

आईचे गुडघे दुखतात. त्यामुळे अॅपवरचे फोटो बघून मी बुकिंग केलंच नाही, सरळ फोन लावला आणि विचारलं, लिफ्ट आहे का, ती चालू असते का, लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, कमोड आहे का, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का आणि आंघोळीला स्टूल मिळेल का. दांडी नव्हती पण प्लास्टिकचं स्टूल देतो म्हणाले. रूम मागच्या बाजूची मागितली, कारण व्हरायटी चौक ते मुंजे चौक हा सगळा मेन रोड बाजाराचा, रात्री उशिरापर्यंत हॉर्न आणि फेरीवाल्यांचे आवाज चालूच.

गणेशपेठ स्टँडवर उतरलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं आणि हॉटेलचं चेक-इन दुपारी 12 चं. रात्रभर बसमध्ये अवघडलेल्या बाईला लॉबीत किती वेळ बसवणार? रिसेप्शनवरच्या मुलाने आईकडे बघितलं न् म्हणाला, "मावशी, काऊन टेन्शन घेता, रूम साफ होऊन राहिली, तोवर चहा घ्या." तासाभरात किल्ली हातात, जादा पैसे नाहीत. हे त्याने मनाने केलं, नियमात नव्हतं, म्हणून मला त्याचं फार वाटलं.

दोघींचंही आयडी लागतं बरं का, एकीचं देऊन चालत नाही. मी मास्क्ड आधारची प्रिंट दिली, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात, कुठल्याही काउंटरवर पूर्ण नंबरची झेरॉक्स ठेवून येणं मला पटत नाही. त्यांनी आधी कां-कूं केलं पण मग घेतली.

रूम लहान पण चादरी स्वच्छ, टॉवेल जुने पण उन्हात वाळलेले, कडक. बाथरूमचा उतार मात्र उलटा! पाणी जाळीकडे न जाता दाराकडे यायचं आणि गुळगुळीत टाइल्सवर तसंच साचायचं. म्हाताऱ्या माणसाला यापेक्षा धोक्याची गोष्ट नाही. मी हाउसकीपिंगला बोलावून वायपर आणि पायपुसणं मागून घेतलं आणि आईची आंघोळ होईपर्यंत दारातच उभी राहिले. एवढं भाडं घेणाऱ्या हॉटेलने निदान खरखरीत रबरी मॅट तरी ठेवायलाच पाहिजे, एक दांडी ठोकायला असा कितीसा खर्च येतो, रिव्ह्यूमध्ये मी हे स्पष्ट लिहिलंय.

नाश्ता भाड्यातच होता पण पोहे कोरडे. त्यापेक्षा बाहेर गाडीवर तर्री पोहे खाल्ले, वरून चण्याचा लालभडक रस्सा, आईला तिखट सोसवेना तरी तिने प्लेट संपवली 😊

एजी ऑफिसात कामाचं बोलणं झालं, एक कागद कमी निघाला तो जिल्ह्याच्या ट्रेझरीतून पाठवायचाय. हे उरकून आलो तर हॉटेलच्या बिलात जीएसटी 12 टक्के लावलेला. 22 सप्टेंबर 2025 पासून 7500 रुपयांपर्यंतच्या रूमला 5 टक्केच आहे, म्हणजे आमच्या रूमला रोजचे 336 नाही तर 140 रुपये. मॅनेजर म्हणाला सॉफ्टवेअरमध्ये जुनाच रेट राहिलाय, आणि कुरकुर न करता नवीन बिल काढून दिलं. पण मी विचारलं म्हणून, बाकीचे किती जण तसंच भरून गेले असतील कोण जाणे, तेव्हा पैसे देण्याआधी बिलावरची टॅक्सची ओळ बघाच.

कुणाला आईवडलांना घेऊन जायचं असेल तर सीताबर्डी सोयीची आहे, मेट्रोच्या दोन्ही लाइनी इथेच मिळतात आणि मेडिकल, जेवण सगळं हाकेच्या अंतरावर. फक्त डिसेंबरात अधिवेशन चालू असताना जाऊ नका, तेव्हा रूम मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव चढे असतात.