तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षणावरचं संशोधन वर्गात उपयोगी पडतं का?

"बाई, एवढ्या वर्षांचा अनुभव आहे तुमच्या गाठीशी. मग हे शोधनिबंध कशाला वाचत बसता? वर्गात त्यांचा खरंच काही उपयोग होतो का?" नव्याने रुजू झालेले शिक्षक हा प्रश्न हमखास विचारतात. पालक विचारतात, जुने सहकारीही विचारतात. बहुतेक वेळा तासाची घंटा झालेली असते आणि मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून वर्गाकडे पळते. आज जरा सविस्तर सांगते.

उपयोग होतो, आणि मोठा होतो. अनुभवातून मी पुष्कळ शिकले. पण वर्गात डोळ्यांना जे दिसतं ते काही बाबतींत चक्क फसवं असतं, आणि कुठे फसवं असतं हे अनुभवाने मला कधीच सांगितलं नसतं.

मी गणित शिकवते. सातवीला शेकडेवारी शिकवायची माझी पद्धत अनेक वर्षं ठरलेली होती. फळ्यावर दोन उदाहरणं नीट सोडवून दाखवायची, मग त्याच धर्तीची दहा मुलांना द्यायची. दहातली नऊ बरोबर यायची. मुलं खूश, मी खूश, घटक संपला. तीन आठवड्यांनी चाचणीत तीच मुलं तसंच उदाहरण समोर आल्यावर पेन तोंडात धरून बसायची. कुणी दिसेल ती संख्या दिसेल त्या संख्येने गुणायचं. मी म्हणायचे, उजळणी केली नाही, घरी लक्ष दिलं नाही. दोष कायम मुलांच्या पदरात.

मग डग रोरर आणि केली टेलर यांचा 2007 सालचा एक प्रयोग वाचनात आला. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची सगळी उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्या गटाने चारही आकृतींची सरमिसळ करून. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची 89 टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळवाल्यांची 60 टक्के. कोणत्याही शिक्षकाने हे पाहून पहिलीच पद्धत निवडली असती, मीही. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलग सराव केलेले 20 टक्क्यांवर होते आणि सरमिसळवाले 63 वर.

हे आकडे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. माझ्या दहापैकी नऊ बरोबर उत्तरांचा अर्थ मला तेव्हा लागला. पानाच्या माथ्यावर 'शेकडेवारी' लिहिलेलं असलं की कोणती रीत वापरायची हा प्रश्नच मुलापुढे उरत नाही. ते काम शीर्षकाने आधीच करून टाकलेलं असतं. राहते ती फक्त आकडेमोड. परीक्षेत मात्र शीर्षक नसतं, आणि रीत निवडणं हेच तर खरं गणित. माझ्या मुलांना त्याचा सराव मी कधी दिलाच नव्हता.

मी सरावसंच बदलले. दहातली तीन-चार उदाहरणं आजच्या घटकाची, बाकीची मागच्या घटकांतली, उलटसुलट क्रमाने. पहिले काही आठवडे फार कठीण गेले. मुलं चिडली. "हे तर तुम्ही आज शिकवलंच नाही" हे वाक्य रोज ऐकावं लागे. वहीतल्या फुल्या वाढल्या तसे पालक भेटायला आले, आणि त्यांची काळजी मला समजत होती. ते 60 आणि 63 डोक्यात पक्के बसलेले नसते तर मी दुसऱ्याच आठवड्यात माघार घेतली असती. संशोधनाने मला सगळ्यात जास्त काय दिलं असेल तर तो धीर. सुरुवातीला वाईट दिसणारी गोष्ट किती दिवस टिकवून धरायची, हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं.

हेच चित्र वाचनाच्या बाबतीतही दिसतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदा वाचून मग तीन वेळा, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर चारदा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने विचारलं तर चारदा वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61. मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे: आपल्याला हे चांगलं लक्षात राहील अशी खात्री जास्त होती ती चारदा वाचणाऱ्यांना. पुन्हा पुन्हा वाचलेलं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं अशी मुलाची समजूत होते. पुस्तक उघडं ठेवून तासन्‌तास अभ्यास करणारं आणि तरीही परीक्षेत कोरं राहणारं मूल तुम्ही पाहिलं असेल. ते आळशी नसतं. त्याला अभ्यासाची रीतच चुकीची मिळालेली असते, आणि ती बहुधा आपणच दिलेली असते.

तेव्हापासून माझा तास बंद वह्यांनी सुरू होतो. कोरा कागद आणि पाच प्रश्न: दोन कालचे, दोन गेल्या आठवड्यातले, एक महिन्याभरापूर्वीचा. गुण नाहीत, कागद मी गोळाही करत नाही. पाचव्या प्रश्नाला वर्गात एक विशिष्ट शांतता पसरते. कुणी छताकडे बघतं, कुणी बाकावर बोटाने आकृती काढतं. एक मुलगा डोळे घट्ट मिटून घेतो आणि मग एकदम लिहायला लागतो. ती दीड-दोन मिनिटं पूर्वी मला वाया गेल्यासारखी वाटली असती. आता तासातला तोच भाग मी कधी गाळत नाही.

शांततेवरून आठवलं. मेरी बड रो या संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात, असं तिला आढळलं. तीन सेकंद थांबायला लागल्यावर उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली आणि "माहीत नाही" कमी झालं. मी एका तासाचं फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकलं. मी एक सेकंदसुद्धा थांबत नव्हते. आता हात पाठीमागे घेऊन एकेक बोट मिटत मोजते. तिसरं बोट मिटायच्या बेताला दुसऱ्या बाकावरची एक मुलगी तोंड उघडते. वर्षभर मी तिला 'अबोल' समजत होते.

संशोधनाने काही गोष्टी सोडायलाही लावल्या, आणि त्यातली एक अजून सलते. एका प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं गेलं की काही मुलं पाहून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून, आणि ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवावं. मी मनापासून ते केलं. प्रश्नावली भरून घेतली, मुलांचे तीन गट पाडले. 2008 मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेमागचे पुरावे तपासले. कल्पना खरी असेल तर 'पाहणाऱ्या' मुलांना एक पद्धत जास्त फळली पाहिजे आणि 'ऐकणाऱ्यांना' दुसरी. असं नीट दाखवणारा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. मी ते वाचलं तोवर माझ्या वर्गातली एक मुलगी भूमितीत आकृती काढायला नकार देत होती. "बाई, मी ऐकून शिकणारी आहे," असं ती मला सांगायची. ते लेबल तिला मीच चिकटवलं होतं. आकृती सगळ्यांना लागते, कारण भूमितीच तशी आहे. तिच्या मनातून ते काढायला मला पूर्ण एक सत्र लागलं.

म्हणून कुणी 'संशोधनाने सिद्ध झालंय' म्हणालं की मी आधी विचारते: कुणावर करून पाहिलं, कशाशी तुलना केली, किती दिवसांनी तपासलं? सरासरीच्या पोटात बरंच काही दडलेलं असतं. क्लुगर आणि डेनिसी यांनी 1996 मध्ये अभिप्रायाच्या परिणामांची 600हून अधिक मापनं एकत्र केली. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी कामगिरी खालावली होती. रूथ बटलर यांच्या 1988च्या प्रयोगात नुसते शेरे मिळालेली मुलं सुधारली. गुण मिळालेली सुधारली नाहीत, आणि गुणांसोबत शेरे मिळालेलीही नाहीत. हे शेवटचं मला पटायला वेळ लागला नाही. वह्या परत दिल्यावर मुलं काय करतात ते आठवा: पान उलटतात, आकडा बघतात, शेजाऱ्याचा बघतात, वही मिटतात. रात्री जागून लिहिलेला शेरा तसाच राहतो.

मी एका तुकडीला गुण न देता फक्त शेरे देऊन पाहिलं. पहिल्या महिन्यात काहीच फरक पडला नाही. मग शेरा वाचून तेच उदाहरण पुन्हा सोडवायला वर्गातच दहा मिनिटं देऊ लागले, आणि वह्या बदलायला लागल्या. ही दहा मिनिटं मला प्रयोगाच्या निष्कर्षात मिळाली नव्हती, ती वर्गात सापडली. मला विचाराल तर अनुभवाची खरी जागा इथे आहे.

वरून 'पुराव्यावर आधारित' उपक्रमांची यादी येते आणि रोज रकाने भरायला सांगतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. एक गोष्ट निवडून सहा महिने नीट करून बघायला शिक्षकाला वेळ मिळाला, तर त्या यादीची गरज उरणार नाही.

परवा सरमिसळीच्या संचात एका मुलाने सहाव्या उदाहरणाला आधी शेकडेवारीची रीत लावली होती, मग खोडली होती. शेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: "शेकडेवारीचं वाटतं पण गुणोत्तराचं आहे." आकडेमोडीत पुढे एक चूक होती. तिच्याखाली मी रेघ मारली, आणि समासातल्या त्या ओळीखाली माझा त्या दिवशीचा सगळ्यात मोठा शेरा लिहिला.