बोका आणि सशीण एका घरात: दिवस १ ते ५६ च्या नोंदी

जोडी अशी: बोका तीन वर्षांचा, वजन ४.३ किलो, सशीण दोन वर्षांची, वजन २.४ किलो. दोघांची नसबंदी झालेली. वजनं मुद्दाम आधी लिहिली, कारण किलोभराचा बुटका ससा मांजराला सरळ शिकार वाटतो. दोन किलोच्या पुढचा ससा न पळता समोर उभा राहिला, की बहुतेक मांजरं थबकतात. नसबंदी न झालेला नर ससा मांजराच्या अंगावर चढतो, मूत उडवतो, आणि मग मांजर नखं काढतं. नराची शस्त्रक्रिया झाली तरी त्याचा जोर ओसरायला चार ते सहा आठवडे जातात; तोवर भेटी नकोत.

दिवस १ ते १०. नजरानजर नाही, फक्त वास. एक सुती फडकं बोक्याच्या गालांवरून आणि दुसरं सशिणीच्या हनुवटीखालून फिरवायचं (गंधग्रंथी तिथेच असतात) आणि रोज अदलाबदल करायची. पहिल्या दिवशी बोका फडक्यापासून हलेना, सहाव्या दिवशी त्यावरून चालत गेला. सशिणीने मात्र दुसऱ्या दिवशी निम्मं गवत तसंच ठेवलं.

त्यावरून सगळ्या प्रयोगाचं माप ठरलं: पुढे जायचं की मागे, हे सशिणीची भूक सांगेल. घाबरलेला ससा सहसा ओरडत नाही, तो खाणं थांबवतो. रोज सकाळी ट्रेमधल्या लेंड्या पाहायच्या. गोल, भुसभुशीत, साधारण एक सेंटिमीटरच्या असतील तर ठीक. बारीक, कडक किंवा कमी झाल्या तर त्या दिवशी भेट नाही. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही, तर पोट थांबलंय असं समजून लगेच डॉक्टर.

दिवस ११. मधे जाळीचं कुंपण, सशीण आत, बोका बाहेर. पहिलीच चूक इथे झाली: कुंपणाच्या गजांमधलं अंतर ३.५ सेंटिमीटर होतं आणि बोक्याचा पंजा कोपरापर्यंत आत गेला. सशिणीला काही झालं नाही, कारण ती लांब होती. मग खालच्या ६० सेंटिमीटरला १२ मिलिमीटर चौकोनांची वेल्ड केलेली जाळी लावली. जाळीची कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला दुमडली. बांधायला प्लास्टिकच्या पट्ट्या नकोत, ससा त्या कुरतडून गिळतो. तारेचे आकडे वापरले. वरून झाकण हवंच. मीटरभर उंची मांजराला काहीच नाही. आत दोन तोंडांचा खोका ठेवला. एकाच तोंडाचा असला आणि मांजर दारात बसलं, तर तो आसरा न राहता सापळा होतो.

दिवस १२ ते २८. जाळीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी खाणं. सुरुवात अडीच मीटर अंतरावरून, दोघंही न थांबता खात असतील तरच दुसऱ्या दिवशी २० सेंटिमीटर जवळ. दोनदा मागे जावं लागलं, त्यामुळे सतरा दिवस गेले. घाई करण्यासारखं इथे काही नाही.

या काळात बोक्याची शेपूट बघत राहायची. नुसतं पाहणं वेगळं आणि दबा धरणं वेगळं. दबा धरताना मान खाली जाते, बाहुल्या मोठ्या होतात, शेपटीचं फक्त टोक हलतं आणि मागचा भाग किंचित डुलतो. टोक हललं की लगेच खाऊने लक्ष दुसरीकडे वळवायचं. मागचा भाग डुलेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. सशिणीचं नाकही तितकंच बोलकं. निवांत असताना ते संथ हलतं, मधेच थांबतंही. भराभर हलायला लागलं, कान पाठीला चिकटले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला किंवा मागचा पाय आपटला, की तिथेच भेट संपवायची.

दिवस २९. पहिली उघडी भेट, पाच मिनिटं. बोक्याला पट्टा, दोरी दोन मीटर आणि सैल. ताणलेली दोरी मांजराला आणखी चिडवते. सशीण जमिनीवरच. तिला मांडीत धरून मांजराला दाखवणं सगळ्यात धोक्याचं: ससा जोरात लाथ मारतो आणि त्यात त्याचाच कमरेचा मणका मोडतो.

दिवस ३३. पिछेहाट. संध्याकाळी सशिणीने आनंदाने उड्या मारत खोलीभर धाव घेतली आणि बोका दोरीच्या टोकापर्यंत झेपावला. दोष वेळेचा. पहाटे आणि तिन्हीसांजेला दोघंही तरतरीत असतात, आणि पळणारी वस्तू दिसली की मांजराचं अंग आपोआप निघतं. शिवाय फरशी गुळगुळीत होती; पाय घसरले की ससा आणखीच धडपडतो. तेव्हापासून भेटी भर दुपारी, आधी बोक्याला दहा मिनिटं काठीच्या खेळण्यामागे पळवून, पोटभर खाऊ घालून, आणि खाली सतरंजी अंथरून. तीन दिवस जाळीमागे परत नेलं, मग पुन्हा सुरुवात.

दिवस ४७. सशीण स्वतःहून चालत आली आणि बोक्यापुढे हनुवटी जमिनीला टेकवून बसली. याचा अर्थ ‘मला चाट’. बोक्याने कपाळ दोनदा चाटलं आणि तो झोपला. इतकं पुरे होतं. मैत्री झाली तर आनंदच. नाही तर एकमेकांचा कंटाळा येणं हेही यशच.

दिवस ५६. उघड्या भेटी आता दीड तास, पण नजरेखालीच. रात्री आणि घरात कुणी नसताना वेगवेगळ्या खोल्या, आणि हे कायम. मांजराच्या दातांवर आणि नखांवर पाश्चुरेला जिवाणू असतात. दाताचं छिद्र केसांखाली दिसत नाही, पण सशाला ते जिवावर बेततं. ओरखडा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन सशाला तोंडाने कधीही देऊ नये, त्याची आतडी बिघडून तो दगावतो. बोक्याची नखं दर दोन-तीन आठवड्यांनी.

मांजराचं खाणं उंचावर ठेवा, त्यातली प्रथिनं सशाला झेपत नाहीत. मांजराच्या ट्रेमधली गोळा होणारी माती ससा खातो आणि ती पोटात अडकते. दोघांनाही कागदाच्या गोळ्यांचा भर चालतो. बोक्याची विष्ठा रोज उचलायची, गवताजवळ जाऊ द्यायची नाही, कारण टॉक्सोप्लाझ्मा (एका परजीवीचा संसर्ग) सशाला तिथूनच होतो.

आता चाटाचाटी सुरू झाली, म्हणून पिसवांचं औषध बदललं. मांजराच्या मानेवर टाकायच्या थेंबांत फिप्रोनिल असेल, तर ती मान चाटणारा ससा मरू शकतो. सेलामेक्टिन दोघांनाही देता येतं, मात्रा मात्र प्रत्येकाची डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्यायची, आणि थेंब टाकल्यावर त्या दिवशी भेट नाही.